भिंगावरचा ओरखडा, दृष्टिपटलावरचा ठिपका: कॅमेऱ्याच्या तपासणीवर किती विसंबायचं?

गुणवत्ता_तपासनीस

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात जे कृत्रिम भिंग बसवतात, त्याच्या तपासणीचं काम मी करतो. हे काम पूर्वी सगळं मायक्रोस्कोपखाली माणसाच्या नजरेनं व्हायचं, आता ते कॅमेऱ्याकडे सरकतंय. त्याच सुमारास डोळ्याचा फोटो पाहून आजार ओळखणारी सॉफ्टवेअरंही दवाखान्यांत पोचली. तंत्र दोन्हीकडे एकच, पण कारखान्यातले आणि दवाखान्यातले लोक एकमेकांशी बोलताना फारसे दिसत नाहीत. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चर्चा होते ती मॉडेलची, म्हणजे फोटो दाखवून शिकवलेल्या आणि निकाल देणाऱ्या प्रोग्रामची: कुठलं नेटवर्क, किती टक्के अचूकता. तपासणी फसते ती मात्र बहुतेक वेळा मॉडेलच्या आधी, म्हणजे फोटो काढताना, नाहीतर मॉडेलच्या नंतर, म्हणजे आलेल्या निकालाचं काय करायचं ते ठरवताना.

भिंगाचंच घ्या. मधला गोल भाग, ऑप्टिक, साधारण ६ मिलिमीटरचा. त्याला दोन बाजूंनी बारीक वळणदार हात असतात, ते हॅप्टिक. सगळं मिळून लांबी १३ मिलिमीटरच्या आसपास. वस्तू पारदर्शक, त्यामुळे नुसता भरपूर उजेड पाडून काही दिसत नाही. मग डार्क फील्ड वापरतात, म्हणजे उजेड कडेनं, तिरपा सोडायचा. भिंग स्वच्छ असेल तर किरण कॅमेऱ्यात न शिरता निघून जातात आणि चित्र काळंच राहतं. ओरखडा, बुडबुडा किंवा कण असेल तर तिथून उजेड विखुरतो आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते. पण कडेला टवका उडाला असेल तर तो या उजेडात हमखास निसटतो, कारण कड स्वतःच चमकत असते. त्यासाठी मागून समांतर उजेड देऊन नुसती आकृती टिपावी लागते. एकाच भिंगाचे असे वेगवेगळ्या उजेडात अनेक फोटो निघतात, तेव्हा कुठे मॉडेलला खाद्य मिळतं.

थोडं गणितही करून पाहा. सेन्सरची एक बाजू २०४८ पिक्सेलची आहे आणि तिच्यात १५ मिलिमीटरचं क्षेत्र बसवायचं आहे, तर एक पिक्सेल म्हणजे साधारण ७.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोष खात्रीनं पकडायचा तर तो निदान तीन पिक्सेलवर तरी पसरलेला हवा, म्हणजे सुमारे २२ मायक्रॉन. त्याहून लहान कण या कॅमेऱ्याला दिसणारच नाही, मग मॉडेल कितीही मोठं घ्या. हा हिशोब कॅमेरा विकत घ्यायच्या आधी कागदावर व्हायला हवा.

डोळ्याच्या बाजूचं मी वाचून जाणतो. २०१६ साली गूगलच्या गटानं डायबेटिक रेटिनोपॅथीवरचा, म्हणजे मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणाऱ्या आजारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १,२८,१७५ फोटोंवर नेटवर्क शिकवलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) आयडीएक्स-डीआर या प्रणालीला परवानगी दिली, आणि डॉक्टरनं फोटो न पाहताही निकाल देणारी या क्षेत्रातली ती पहिली प्रणाली ठरली. तिच्या चाचणीत ९०० मधुमेही लोक होते. संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती पकडले) ८७.२ टक्के, विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर 'ठीक' म्हटलं) ९०.७ टक्के.

दवाखान्याच्या बाजूच्या मंडळींना माझा प्रश्न असा: आमच्याकडे फोटो बिघडला तर भिंग पुन्हा ठेवून दुसरा काढता येतो. तुमच्याकडे समोर माणूस बसलेला असतो. फोटो खराब आला तर काय करता?

पिक्सेल

चांगला धागा. मी मॉडेल बनवणाऱ्यांपैकी, तरी तुमच्या मताशी बराचसा सहमत आहे.

एक भर घालतो. कारखान्यातली खरी अडचण सदोष नमुन्यांच्या तुटवड्याची. प्रक्रिया चांगली असेल तर हजारात एखादंच भिंग वाईट निघतं, आणि काही प्रकारचे दोष तर वर्षातून एकदा दिसणार. ते मॉडेलला शिकवायचे कशावरून? म्हणून उलट्या बाजूनं जाणाऱ्या पद्धती आल्या: फक्त चांगल्या मालाचे फोटो दाखवायचे आणि त्यापासून वेगळं दिसेल त्यावर बोट ठेवायचं. २०१९ मध्ये आलेल्या एमव्हीटेक एडी या संचामुळे या कामाला वेग आला. त्यात १५ प्रकारच्या वस्तू आणि पृष्ठभाग आहेत, ५,३५४ फोटो आहेत, आणि शिकवायच्या भागात एकही सदोष फोटो नाही.

दवाखान्यात गोष्ट वेगळी. तिथे आजारी डोळ्यांचे फोटो पुष्कळ मिळतात, पण फोटो पाहून आजार किती वाढलाय त्याची श्रेणी लावणाऱ्या डॉक्टरांचं एकमत होत नाही. तुम्ही उल्लेख केलेल्या २०१६ च्या अभ्यासात ५४ जणांनी श्रेणी लावल्या होत्या आणि प्रत्येक फोटो ३ ते ७ वेळा तपासला गेला होता. एवढा खटाटोप करायचं कारण हेच की एकाच्या मतावर भरवसा ठेवता येत नव्हता.

दृष्टिपटल

नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून धागाकर्त्यांच्या प्रश्नाला उत्तर देतो.

खराब फोटो हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न आहे. बाहुली लहान असली की पडद्यापर्यंत, म्हणजे दृष्टिपटलापर्यंत, उजेड पुरेसा पोचत नाही. मोतीबिंदू पिकलेला असेल तर धुक्यातून काढल्यासारखा फोटो येतो. हात थरथरणारे, मान स्थिर न राहणारे वयस्क लोक असतात. थेंब घालून बाहुली मोठी केली तर फोटो सुधारतो, पण मग तासन्‌तास जवळचं धूसर दिसतं, वाहन चालवता येत नाही, आणि कामावरून मध्येच आलेला माणूस नको म्हणतो.

गूगलच्याच प्रणालीचा थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत वापर झाला, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. या विषयात रस असलेल्या प्रत्येकानं तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. पहिल्या सहा महिन्यांत तपासलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो प्रणालीनं 'श्रेणी लावता येत नाही' म्हणून परत केले. खोल्यांमध्ये पुरेसा अंधार करता येत नव्हता, आणि प्रणालीची अट मात्र कडक होती. जिथे इंटरनेट मंद होतं तिथे फोटो चढायलाच वेळ लागायचा आणि रांग खोळंबायची. ज्यांचा फोटो नाकारला गेला त्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी तज्ज्ञाकडे जा म्हणून सांगावं लागायचं. प्रयोगशाळेत याच प्रणालीची कामगिरी उत्तम होती.

आता नेमकं उत्तर. फोटो खराब आला तर पुन्हा काढायचा, जमलं तर थेंब घालून. तरीही नाही आला तर त्या व्यक्तीला तज्ज्ञाकडे पाठवायचं. 'श्रेणी लावता आली नाही' या निकालाचा अर्थ 'ठीक आहे' असा कधीही घ्यायचा नाही. पडदा दिसत नाही यामागे बरेचदा दुसरा आजारच असतो, त्यामुळे या गटात आजारी डोळे जास्त सापडतात. माझ्या मते कुठलीही प्रणाली घेताना अचूकतेच्या आधी हा आकडा विचारावा: आमच्याकडे येणाऱ्या लोकांपैकी कितीजणांचा निकाल ती देऊच शकणार नाही?

रोहिणी_नक्षत्र

मी फंडस कॅमेऱ्यावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यावर, फोटो काढते. डॉक्टरांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं.

एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून सांगते. प्रत्येक डोळ्याचे निदान दोन फोटो लागतात, एक मॅक्युला (पडद्याचा सर्वांत स्पष्ट पाहणारा मधला भाग) मध्यभागी ठेवून आणि एक ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती जागा) मध्यभागी ठेवून. पहिल्या फ्लॅशनंतर बाहुली आवळते. लगेच दुसरा काढायला गेलात तर फोटोच्या एका बाजूला काळी चंद्रकोर येते. खोली अंधारी ठेवून थोडं थांबायचं, पेशंटला दोन-तीनदा डोळे मिटायला सांगायचं, मग दुसरा. घाईत हे होत नाही आणि नंतर मशीनला नावं ठेवली जातात. पापणी वर धरायची राहिली तर खालच्या कडेला पापण्यांच्या केसांची सावली येते, तीही तशीच.

दुसरं म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढच्या भिंगावरची धूळ. फोटोत ती राखाडी नाहीतर पांढुरका ठिपका होऊन येते. नवख्या माणसाला तो पडद्यावरचा डाग वाटतो. ओळखायची खूण सोपी आहे. वेगवेगळ्या पेशंटच्या फोटोंत ठिपका तंतोतंत त्याच जागी दिसला, तर तो डोळ्यात नसून कॅमेऱ्यावर आहे. मी सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी एक कोरा फोटो काढून बघतेच.

गुणवत्ता_तपासनीस

रोहिणीताई, तुमची ती खूण आमच्याकडे जशीच्या तशी वापरतात! लागोपाठच्या भिंगांवर एकाच पिक्सेलपाशी दोष दिसू लागला की लाइन थांबते आणि आधी कॅमेरा नि उजेड तपासला जातो. सॉफ्टवेअरमध्ये ही तपासणी वेगळी घातलेली असते, तिला मॉडेल लागत नाही, साधी मोजणी पुरते. दवाखान्यांतल्या प्रणालींमध्येही अशी काही सोय असते का, हे जाणून घ्यायला आवडेल. नसेल तर ती घालावी अशी माझी कळकळीची सूचना आहे.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. मला मधुमेह आहे. ८७ टक्के आणि ९० टक्के हे आकडे माझ्यासारख्यानं कसे समजून घ्यायचे? मला 'तज्ज्ञाला दाखवा' असा निकाल आला तर डोळा बिघडलाच असं धरायचं का?

दृष्टिपटल

नाही, तसं धरू नका. एक हिशोब मांडतो, आकडे समजायला सोपे घेतलेत. समजा १,००० मधुमेही लोकांची तपासणी झाली आणि त्यातल्या १०० जणांना खरोखरच तज्ज्ञाची गरज आहे. ८७.२ टक्के संवेदनशीलता म्हणजे त्यांतले ८७ पकडले जातील, १३ निसटतील. उरलेल्या ९०० जणांपैकी ९०.७ टक्के, म्हणजे ८१६ जणांना बरोबर 'ठीक' म्हटलं जाईल आणि ८४ जणांना विनाकारण पाठवलं जाईल. म्हणजे 'तज्ज्ञाला दाखवा' असा निकाल एकूण १७१ जणांना, आणि त्यातल्या जेमतेम निम्म्यांना खरंच आजार.

तेव्हा तो निकाल हाती पडला तर घाबरून जायचं नाही, पण जायचं नक्की. आणि जे १३ निसटले त्यांच्यासाठी पुढच्या वर्षीची तपासणी असते. हा आजार सहसा हळूहळू वाढतो, म्हणून दरवर्षीच्या तपासणीत पुन्हा पकडायची संधी मिळते. 'गेल्या वर्षी ठीक होतं' म्हणून एक वर्ष गाळलं की ती संधी जाते.

चक्रधर

व्हॅलिडेशनचं, म्हणजे यंत्र किंवा प्रक्रिया अपेक्षेप्रमाणे चालते हे पुराव्यानं सिद्ध करण्याचं काम करतो. डॉक्टरांचा हिशोब कारखान्यातही करून बघू, कारण तिथे तो फार वेगळा निघतो.

१,००,००० भिंगं, हजारात एक सदोष, म्हणजे १०० वाईट. कॅमेरा ९९ टक्के दोष पकडतो आणि चांगल्यांपैकी फक्त १ टक्का चुकून नाकारतो असं धरा. कागदावर झकास वाटतं. पण १ वाईट भिंग पुढे गेलं, आणि ९९,९०० चांगल्यांपैकी ९९९ नाकारली गेली. रिजेक्टच्या ट्रेमध्ये १,०९८ भिंगं, त्यात खरी वाईट ९९.

आता त्या ट्रेसमोर बसलेल्या ऑपरेटरचा विचार करा. ती मायक्रोस्कोपखाली एक-एक भिंग पाहते आणि अकरांतली दहा तिला चांगली दिसतात. शिफ्ट संपेपर्यंत हात आपोआप 'चांगलं' कडे वळायला लागतो. तेव्हा खरा दोष तिच्या नजरेखालून जाऊ शकतो, आणि कॅमेऱ्यानं तो पकडलेला असतानाही! म्हणून खोट्या रिजेक्टचं प्रमाण कमी करणं हा केवळ नासाडीचा, उत्पादन-खर्चाचा प्रश्न नाही, रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे. मीटिंगमध्ये हे ठासून सांगावं लागतं.

दुसरा मुद्दा नमुन्यांचा. 'दहा सदोष भिंगं दाखवली, दहाही पकडली' हा पुरावा होत नाही. ९५ टक्के खात्रीनं '९९ टक्के दोष पकडतो' असं म्हणायचं असेल, तर २९९ सदोष नमुने दाखवून एकही निसटता कामा नये. त्याच खात्रीनं '९५ टक्के दोष पकडतो' एवढ्यावर समाधान मानायचं तर ५९ पुरतात. पिक्सेल म्हणाले तसा नमुन्यांचा तुटवडा इथेही आडवा येतो, फक्त शिकवायला नाही, सिद्ध करायलाही. म्हणून सदोष माल फेकून देऊ नका. नोंदी करून, दोषाच्या प्रकाराप्रमाणे वर्गवारी करून वर्षानुवर्षं सांभाळा.

आणि नियमांचं थोडक्यात. कारखान्यातलं तपासणीचं सॉफ्टवेअर हे स्वतः वैद्यकीय उपकरण नसतं. ते गुणवत्ता-व्यवस्थेचा भाग म्हणून आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांसाठीचं गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय मानक) खाली व्हॅलिडेट करावं लागतं. डोळ्याचा आजार ओळखणारं सॉफ्टवेअर मात्र स्वतःच वैद्यकीय उपकरण आहे. दोन्हीकडे मॉडेल परस्पर बदलता येत नाही, आवृत्ती गोठवलेली असते. पुढचे बदल आधीच आखून मंजूर करून घ्यायची वाट एफडीएनं डिसेंबर २०२४ च्या मार्गदर्शिकेत सविस्तर मांडली आहे.

पिक्सेल

चक्रधर, २९९ चा आकडा सगळ्यांनी लिहून ठेवावा असा आहे.

मला अजून एका धोक्याबद्दल लिहायचं होतं. सदोष नमुने प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवून फोटो काढले आणि चांगल्या मालाचे फोटो लाइनवरून घेतले, तर नेटवर्क दोष शिकतच नाही. ते टेबलाची पार्श्वभूमी शिकतं, आणि चाचणीत गुण मात्र पैकीच्या पैकी मिळवतं. डोळ्याच्या बाबतीतही हेच: गंभीर आजाराचे फोटो मोठ्या रुग्णालयातल्या एका कॅमेऱ्याचे आणि निरोगी फोटो तपासणी-शिबिरातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचे असले, की नेटवर्क कॅमेरा ओळखायला शिकतं.

ही भीती हवेतली नाही. २०१८ मध्ये गूगलच्याच लोकांनी दाखवलं की नुसत्या पडद्याच्या फोटोवरून नेटवर्कला व्यक्ती स्त्री की पुरुष हे फार चांगलं ओळखता येतं. डॉक्टरांना फोटो पाहून ते सांगता येत नाही. म्हणजे आपल्याला न दिसणारी माहिती चित्रात असते आणि नेटवर्क ती उचलतं. कधी त्यातून नवीन काही हाती लागतं, कधी नेटवर्क भलत्याच खुणेवर विसंबतं. यातलं नेमकं काय घडतंय ते वेगळ्या ठिकाणच्या, वेगळ्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर तपासल्याशिवाय कळत नाही. विकणाऱ्यानं 'आमच्या डेटावर' असा आकडा सांगितला की मी पुढचा प्रश्न हाच विचारतो.

दृष्टिपटल

पूर्ण सहमत. याच कारणासाठी मला ओसीटीवरचं (पडद्याचे थर उभ्या छेदात दाखवणारा स्कॅन) २०१८ चं काम आवडतं, लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयानं गूगलच्या डीपमाइंड या कंपनीबरोबर केलेलं. त्यांनी काम दोन टप्प्यांत विभागलं. पहिलं नेटवर्क स्कॅनमधले पडद्याचे थर, साचलेलं पाणी वगैरे रंगवून दाखवतं. दुसरं नेटवर्क त्या रंगवलेल्या नकाशावरून ठरवतं की रुग्णाला किती तातडीनं पाठवायचं. मधला नकाशा डॉक्टरला पाहता येतो: इथे पाणी दाखवलंय, खरंच आहे का? शिवाय स्कॅनचं मशीन बदललं तेव्हा त्यांना फक्त पहिला टप्पा नव्यानं शिकवावा लागला. मला रुग्णासमोर बसून उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे नुसत्या 'होय-नाही' पेक्षा असा नकाशा हाती असलेला बरा.

काचबिंदूबद्दल मात्र सावध राहा. फोटोत ऑप्टिक डिस्कमधला खळगा मोठा दिसला तर शंका घेता येते, पण काही लोकांचा खळगा जन्मतःच मोठा असतो. डोळ्याचा दाब, दृष्टीचं क्षेत्र, आधीच्या तपासण्या यांच्याशिवाय निदान होत नाही. एका फोटोवरून काचबिंदूचा निकाल सांगणारं काही दिसलं तर त्याला शंकेपलीकडे किंमत देऊ नका.

वाचनमात्र

डॉक्टर, हिशोबामुळे बरंच स्पष्ट झालं, धन्यवाद. शेवटचा प्रश्न: माझा निकाल 'रेटिनोपॅथी आढळली नाही, १२ महिन्यांनी पुन्हा तपासा' असा आला आहे. म्हणजे वर्षभर डोळ्यांची काळजी नाही असं समजू का?

दृष्टिपटल

त्या प्रणालीला एकच प्रश्न विचारला होता: मधुमेहामुळे पडद्यावर ठरावीक मर्यादेपलीकडे बिघाड झालाय का? तिनं त्याचं उत्तर दिलं. काचबिंदू, मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर यांबद्दल ती काहीच बोललेली नाही. शिवाय फोटोत पडद्याचा मधला भागच येतो, कडेचा सगळा भाग येत नाही.

म्हणून वर्षभरात कधीही अचानक काळे ठिपके तरंगताना दिसू लागले, उजेडाच्या चमका दिसल्या, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं, सरळ रेघ वाकडी दिसायला लागली किंवा नजर एकाएकी कमी झाली, तर १२ महिने थांबू नका, लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. गरोदरपणात किंवा साखरेवरचे उपचार एकदम बदलले असतील तर तपासणीच्या तारखा बदलू शकतात, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

रोहिणी_नक्षत्र

आणि जाताना मागचे फोटो मागून घेऊन बरोबर न्या. नुसता 'ठीक' लिहिलेला कागद नको, फोटोच. पुढच्या वेळी नवा ठिपका दिसला तर तो गेल्या वर्षी होता की नाही हे जुना फोटो शेजारी ठेवला की लगेच समजतं.